सिनेमा मी पाहिला, परीक्षण त्यांनी लिहिलं

मी एक उशी बोलतेय. डोक्याखाली घेतात ती नव्हे, सोफ्यावरची. चौकोनी, जाडजूड, निळसर राखाडी रंगाची. कोपऱ्यांना गोंडे आहेत. होते चार, उरलेत तीन. चौथ्याचं काय झालं ते ओघात सांगेनच.

गेल्या दोन वर्षांत आलेला एकही भयपट मी चुकवलेला नाही. तुमच्यापैकी किती जणांना हे छातीठोकपणे सांगता येईल? मला तर छातीही नाही, तरी सांगते.

मला शिवलं ताईंनी. त्यांचं पडदे शिवायचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. एका दवाखान्याच्या पडद्यांचं कापड उरलं, त्यातून माझा अभ्रा झाला. आणि वर्षभराची कात्रणं माझ्या पोटात गेली. शहरातल्या निम्म्या खिडक्या मी पोटात घेऊन बसलेय म्हणा ना. मग एका सकाळी ताईंनी मला त्यांच्या धाकट्या भावाच्या पाठीमागे खुपसलं आणि म्हणाल्या, "बसून बसून कंबरेचा खुळखुळा झालाय तुझा. ही लाव पाठीला."

मी पाठीला जेमतेम आठवडाभर टिकले. मग तोंडावर गेले. कारण हे भाऊ म्हणजे एका दैनिकाचे चित्रपट समीक्षक, आणि दर शनिवारी ते लिहितात फक्त भयपटांवर.

हे काम त्यांनी मागून घेतलेलं नाही. आधीचे समीक्षक निवृत्त झाले तेव्हा संपादकांनी विचारलं, "भुतांचं तुम्ही बघाल ना? की भीती वाटते?" आता, भित्रा म्हणवून घ्यायला भित्रा माणूस सगळ्यात जास्त भितो. समीक्षक म्हणाले, "छे, भीती कसली!" त्या एका 'छे'पायी माझा जन्म सार्थकी लागला.

त्यांची पद्धत ठरलेली. सिनेमावाले सिनेमा घरी पाठवतात. ते तो सकाळी अकरा वाजता लावतात. खिडक्या उघड्या, दिवाही चालू, पुढच्या खोलीत ताईंचं मशीन धडधडत असलेलं. मी मांडीवर. वाद्यं हळूहळू चढायला लागली की मी वर, त्यांच्या डोळ्यांपुढे. किंचाळी झाली, वाद्यं थांबली, की मी खाली. दर वेळी ते शेजारच्या कागदावर एक रेघ मारतात. सिनेमा संपला की रेघा मोजायच्या आणि त्यावरून पाचपैकी उश्या द्यायच्या. हो, त्यांच्या सदरात तारे नसतात, उश्या असतात. 'तीन उश्या', 'साडेचार उश्या'. वाचकांना वाटतं, काय मिश्कील माणूस आहे! वाचकांना कुठे ठाऊक, की उशी एकच आहे आणि मिश्कील वगैरे काही नाही.

मला दोन बाजू आहेत. एक बाजू सिनेमा बघते, दुसरी माणूस. त्यामुळे मला मतं आहेत, आणि ती कुणी विचारली नाहीत तरी मी देणार. दोन वर्षं गप्प बसलेय.

'खालचा मजला' घ्या. त्याचे चार भाग आले. चारही भागांत दार करकरतं, मांजर उडी मारतं आणि कुणीतरी दिवा न लावताच जिना उतरतं. समीक्षकांनी चारही भागांना चार-चार उश्या दिल्या. अहो, ही भीती नव्हे, हे दचकणं. दचकायला कुकरची शिट्टीही पुरते. असे सिनेमे बघू नका. बघायचेच तर आवाज बंद करून बघा; हसून हसून पोट दुखेल.

'टाइप करत आहे' हा त्याहून बरा. मेलेल्या मित्राच्या नंबरावरून फोनवर काहीतरी लिहिलं जात असतं, पण येत काहीच नाही. अर्धा सिनेमा नुसती ती वाट बघणं! माझ्या पोटातली कात्रणंसुद्धा घट्ट झाली. पण पुढे धीर सुटला बिचाऱ्यांचा, आणि मोकळ्या केसांचं भूत आणलं. मेल्यावर भुतांना कंगवा का मिळत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. मध्यंतरापर्यंत बघा आणि उठून घरी या.

'कुणाची चप्पल' मात्र जरूर बघा. विसरायला लागलेल्या आईजवळ मुलगा राहायला येतो, आणि दाराशी रोज एक चप्पलजोड वाढत जातो. आई रोज म्हणते, "पाहुणे आलेत, हळू बोल." त्या सिनेमाला कागदावर एकच रेघ होती, पण त्या एका रेघेनंतर मी चाळीस मिनिटं खाली आले नाही. माझी मागची बाजू ओली झाली. घाम नव्हता तो. समीक्षकांनी रेघा मोजल्या नाहीत, सरळ पाच उश्या दिल्या. तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाचं काहीतरी होऊ शकतं.

मग आला 'घरचं जेवण'.

छोटा सिनेमा. दिग्दर्शिका नवी, शाळेतली विज्ञानाची शिक्षिका. पाच वर्षं सुट्ट्या साठवून तिनं तो केलेला. शहरात एकाच थिएटरात लागणार होता. सुरुवातीच्या दहा मिनिटांत एक कुटुंब नव्या घरात राहायला येतं. आई, वडील, दोन मुलं. मग आई जेवणाची ताटं मांडू लागते, आणि तिचा हात क्षणभर थांबतो. बस, तेवढ्यानं समीक्षकांचा धीर खचला. मी वर.

आणि मी वरच. कारण या सिनेमात वाद्यंच नव्हती. खाली कधी यायचं हे सांगायला कुणी किंचाळेना. ते कान देऊन बसले. ऐकू काय येत होतं? चमच्यांचा आवाज. पाण्याचा आवाज. "भात वाढू?" "मीठ दे जरा इकडे." शाळेच्या, ऑफिसच्या गप्पा. अकरा मिनिटं! शेवटी माझ्यामागे एक जांभई आली.

माझ्या पुढच्या बाजूनं मात्र मी सगळं बघत होते. आई पाच ताटं मांडते. माणसं चार. पाचव्या ताटापुढे खुर्ची रिकामी. कुणी त्याबद्दल बोलत नाही. गप्पा चाललेल्या असतात आणि पाचव्या ताटातला भात कमी होत जातो. घाई नाही, गडबड नाही. जेवणारा जेवतो तसा. मग कुणीतरी म्हणतं, "मीठ दे जरा इकडे." वडील बोलता बोलता मीठ उचलतात आणि रिकाम्या खुर्चीपुढे सरकवतात. बोलणं थांबतच नाही. फक्त धाकटी मुलगी ताटात बघत राहते, कारण तिला कळलेलं असतं की तो आवाज चौघांपैकी कुणाचाच नव्हता.

मला ओरडायचं होतं. उशीला ओरडता येत नाही. उशीचा उपयोगच मुळी लोकांचं ओरडणं दाबायला होतो.

शनिवारी परीक्षण छापून आलं. 'अकरा मिनिटं नुसतं जेवण! दिग्दर्शिकेला भीती दाखवायची होती की भूक, हे शेवटपर्यंत कळत नाही. अर्धी उशी.' संपादकांचा फोन आला, भूक-भीतीचं वाक्य झकास म्हणाले. समीक्षक दिवसभर ते वाक्य मनातल्या मनात चघळत होते.

दुपारच्या खेळाला त्यांची लेक तोच सिनेमा बघून आली. कॉलेजात आहे, बापाचं प्रत्येक परीक्षण कापून वहीत चिकटवते. आली ती बूट न काढता सोफ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तू ते जेवण पाहिलंस?"

"पाहिलं की. अकरा मिनिटं. माझी स्वतःची जेवणं इतकी लांबत नाहीत."

"पाचव्या ताटाचं काय?"

"कुठलं पाचवं? चौघं तर होते."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मग बापाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मी आयुष्यात पहिल्यांदाच लाजले.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "त्या उश्या खऱ्या आहेत?"

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं. ताई दारात आल्या. "तुला आत्ता कळलं? अगं, लहानपणी कोंबडा आरवला तरी हा माझ्या फ्रॉकमागे जायचा."

"आत्या, हसण्यावारी नेऊ नकोस." लेकीचा आवाज चिरकला. "ती बाई थिएटरच्या दाराशी उभी होती. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, पाचवं ताट दिसलं का हो? नीट दिसलं का? याचं वाचून तिला वाटतंय की उजेड कमी पडला, कुणाला कळतच नाहीये. सोमवारी ती त्या सगळ्या जेवणावर वाद्यं चढवणार आहे. आणि शेवटी एक किंचाळी."

समीक्षक उठले आणि पुन्हा बसले. चुकून माझ्यावरच.

"किंचाळी?" ते म्हणाले.

"मोठी. तुला कळेल अशी."

यावर ताईसुद्धा हसल्या नाहीत.

रविवारी सकाळी अकरा वाजता सिनेमा पुन्हा लागला. सोफ्यावर तिघं, एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला ताई, मध्ये समीक्षक. लेकीनं मला बाजूला टाकायला घेतलं, तर ताई म्हणाल्या, "राहू दे त्याच्या मांडीवर. दारुड्यासमोर बाटली ठेवूनच कळतं सुटली का ते."

आई ताटं मांडू लागली. समीक्षकांच्या बोटांनी माझा एक गोंडा धरला. आईचा हात थांबला. मी दोन बोटं वर उचलली गेले. ताईंनी मान न वळवता माझ्यावर हात ठेवला, कात्री चालवणारा जड हात, आणि मला खाली दाबलं.

"मशीन तरी चालू करून ये ना, ताई," समीक्षक पुटपुटले.

"आज दुकान बंद. बघ पुढे."

त्यांनी बघितलं. मांडीवरून मला सिनेमा दिसत नव्हता, नुसती त्यांची हनुवटी दिसत होती, आणि खरं सांगायचं तर हनुवटीवरसुद्धा सिनेमा दिसतो. भात कमी होऊ लागला तशी ती थरथरली. मीठ सरकलं तेव्हा ती एकदम स्थिर झाली, आणि त्याच क्षणी माझा चौथा गोंडा उपटून त्यांच्या मुठीत आला. पण डोळे उघडे होते. अकराच्या अकरा मिनिटं.

सिनेमा संपल्यावर ते म्हणाले, "अरे बाप रे." एवढंच. दोन वर्षांतलं त्यांचं सगळ्यात खरं परीक्षण.

मग त्यांनी दिग्दर्शिकेला फोन लावला. मूठ अजून मिटलेलीच.

"मी तो... अर्धी उशीवाला बोलतोय. एक विनंती होती. उद्या त्या जेवणाला हात लावू नका."

पलीकडून आवाज आला, "पण सर, दिसतच नाहीये ना ते. तुमच्यासारख्या जाणकाराला नाही दिसलं, तर बाकीच्यांना काय दिसणार?"

समीक्षकांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले.

"मला दिसलं नाही, कारण माझ्या तोंडावर उशी होती. तुमचा उजेड चोख आहे. अंधार माझा होता."

पलीकडे ती हसायला लागली. तिला थांबताच येईना. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुम्ही घाबरलात?"

"ताटं मांडतानाच."

"मग लिहा ना तसं."

त्यांनी लिहिलं. पुढच्या शनिवारी, उशीसकट, रेघांच्या कागदासकट सगळं. खाली निकाल दिला: 'एकही उशी नाही. हा सिनेमा उघड्या डोळ्यांनी बघावा.' संपादकांना वाटलं हा नवा विनोद. काही वाचकांना वाटलं सिनेमा अर्ध्या उशीहूनही पडेल निघाला. पण बरेच जण नुसते उशीवाला माणूस कशाला घाबरला ते बघायला गेले, आणि गप्प होऊन बाहेर आले. जेवणावर वाद्यं चढली नाहीत. लेकीनं ते कात्रण वहीत चिकटवलं, आणि अर्ध्या उशीवालंही काढलं नाही. "दोन्ही शेजारी असू देत," म्हणाली.

माझं म्हणाल तर मी आता पुन्हा पाठीला असते. कधीमधी 'खालचा मजला'चा पाचवा भाग वगैरे आला की वर जाते, पण तिथे काही चुकत नाही. तुमच्याही सोफ्यावर माझ्या बहिणी असतील. तुम्हीही चांगला सिनेमा मध्येच झाकत असाल, आणि मग 'त्यात काही विशेष नव्हतं' म्हणत असाल. एवढंच मागते: ज्या माणसानं पाच वर्षं घालून तुम्हाला काहीतरी दाखवायला आणलंय, त्याच्याकडे निदान अकरा मिनिटं बघा. घाबरा, चालेल. घाबरण्यात कमीपणा नाही. न बघता मत देण्यात आहे.

परवा रविवारी दिग्दर्शिका आमच्याकडे जेवायला आली होती. भर दुपारी, समीक्षकांच्या अटीवर. घरातली तीन माणसं आणि ती चौथी. ताई ताटं मांडत होत्या, आणि मांडता मांडता त्यांचा हात थांबला. समीक्षकांचा चेहरा पांढरा पडला. ताईंनी शांतपणे पाचवं ताट मांडलं, त्यात चमचाभर भात वाढला आणि समोरच्या खुर्चीवर मला आणून बसवलं.

"हिचा मान पहिला," त्या म्हणाल्या. "सिनेमा आधी हिनं पाहिलाय."

सगळे हसले. समीक्षक जरा उशिरा हसले. मग गप्पा सुरू झाल्या, आणि बोलता बोलता, वर न बघता, त्यांनी मीठ माझ्यापुढे सरकवलं.

खरं सांगू? भातात मीठ कमीच होतं.