कॅस्केडची फुलं गच्चीवर

धुळ्याच्या डॉक्टरांनी दोन दिवस थांबवून घेतलं, कंबरेचा एक्सरे काढला आणि सांगितलं, वाकायचं नाही. मी हो म्हटलं. शेतातल्या बाईला वाकू नको सांगायचं म्हणजे कोंबडीला माती उकरू नको म्हणायचं, पण बिचारे फी घेतात, काहीतरी सांगावंच लागतं.

साक्रीला उतरून रिक्षानं गावात आले. दार उघडं, घरात कोणी नाही. आतल्या खोलीत खाटेवर ताणलेली मच्छरदाणी रिकामी, खालचा टेबलफॅन बंद. तिच्यावर वाळत घातलेली माझी फुलं जागेवर नव्हती.

फुलं हॉपची. बिअरमध्ये घालतात ती. माझ्या भावाची मुलगी दिपमाला पुण्यात बिअरच्या एका लहान कारखान्यात आहे. तिनं तीन वर्षांपूर्वी कॅस्केड नावाच्या जातीच्या मुळ्यांचे तुकडे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणले. "आत्या, तुझ्या हाताला काहीही लागतं. लावून बघ."

लागलं. बाकीचं मी मोबाईलवर बघून शिकले. वेल बांबूवर सुतळीनं चढवायचा. सगळे वेल मादीच. नर जवळ आला की फुलात बी धरतं आणि मालाची किंमत उतरते. हा नियम मला लगेच पटला. या जातीला फुलायला लांब दिवस लागतो आणि आपला दिवस तिला अपुरा, म्हणून संध्याकाळी बल्ब लावून मी दिवस ओढून वाढवायचे. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "कोनं लगीन शे वं, वहिनी?"

फूल म्हणजे कागदी पाकळ्यांचं हिरवं बोंड. तळहातावर चोळलं की आतली पिवळी भुकटी हाताला चिकटते आणि पपनसाच्या सालीचा वास येतो, मागून थोडा गुलाबाचा. कॅस्केडची किंमत त्या वासाला. आणि तो वास उन्हात टिकत नाही. दिपानं बजावलं होतं, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळव.

यंदा वाळून दोनेक किलो भरली असती. आमच्या ह्यांनी, अभिमन नाव त्यांचं, आधीच सांगून ठेवलं होतं, "हे शेवटचं वर्ष. दिपाच्या मालकानं घेतलं तर ठीक, नाहीतर बांबू उपटून कांदा लावतो." तीन वर्षं त्यांनी धीर धरला होता, वाईट तरी कसं म्हणू?

वर कसलीशी चाहूल लागली. जिना चढून गेले. गच्चीवर जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर माझी सगळी फुलं, गवतासारखी पिवळी. शेजारी छत्री धरून, हातात काठी घेऊन सासूबाई कावळे हाकत बसलेल्या. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही.

"अक्का, हे काय?"

"लाइट नही ना दोन रोजपाइन. मी म्हने, सडी जाई बठ्ठं. तू वरीसभर मरी ऱ्हायनी त्यानामांगे." एक बोंड उचलून त्यांनी मधली दांडी मोडून दाखवली. "देख, टचकन मोडस. वाळनं."

"जिना कशा चढलात?"

"बशीबशी."

एकेका पायरीवर बसत. अठ्ठ्याहत्तर वय, गुडघे गेलेले. सासरे मोहाच्या दारूपायी गेले, तेव्हापासून अक्का त्या गोष्टीचं नाव घेऊ देत नाहीत. माझ्या वेलांना त्या 'दारूना वेल' म्हणायच्या आणि वाट वाकडी करून जायच्या. म्हणून तर मी त्यांना वाळवण्याचं काही सांगितलं नव्हतं.

मी दोन बोंडं चोळली. वाळल्या गवताचा वास. जिभेला लावलं, कडू मात्र होतं.

"बरं व्हयनं ना?"

"हो अक्का. छान वाळली."

पार्सल गेलं. आठ दिवसांनी दिपाचा फोन.

"आत्या, खरं सांगू?"

"सांग."

"उन्हात वाळवलीस?"

"लाइट गेली होती."

"वास पार उडालाय गं. कडूपणा राहिलाय थोडा, उकळायच्या सुरुवातीला टाकला तर उतरेल. पण नुसत्या कडूसाठी दुसऱ्या जाती स्वस्त मिळतात. कॅस्केड घेतात ती शेवटच्या पाच मिनिटांत टाकायला, नाहीतर थंड बिअरमध्ये भिजत ठेवायला. सर नको म्हणाले."

वाईट वाटलं का? खोटं कशाला लिहू, आधी कंबरेला बरं वाटलं.

जेवताना ह्यांना सांगितलं. ते भाकरी मोडत राहिले. मग हळूच म्हणाले, "सोमवारी बांबू काढतो."

"काबरं नही लिन्ही?" कोपऱ्यातून अक्का.

"वास कमी पडला."

त्यांचा हात ताटात थांबला. "उनमा जास का त्याना वास?"

मी आमटीचं पातेलं त्यांच्याकडे सरकवलं.

"मेथीना बी जास. मेथी मी सावलीमा वाळाडस. तू सांगं काबरं नही?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

"इचारं का तू?" मग लेकाकडे वळून, "बांबूले हात लावू नको. पुढला साल मी वाळाडसू."

"अक्का, दारूनं शे ते," हे म्हणाले.

"माले म्हाईत शे. मी काय पेस का?"

हे माझ्याकडे बघू लागले. मी नुसती नाही म्हणून मान हलवली असती तरी सुटले असते. सुतळी, बल्ब, शिडी, सगळ्यातून. अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, आमटीत भाकरी कुस्करत होत्या, जरा जास्तच बारीक.

"बल्बांची माळ उतरवून आत ठेवा," मी ह्यांना म्हटलं. "उंदीर वायर खातील. पुढच्या वर्षी लागेल."

आणि ताटं उचलायला वाकले.