काचेवरची वाफ

मित्रांनो, दारव्हा-आर्णी रस्त्यावर धावणारी मी एक जुनी जीप आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या काचेवर गरम हवा सोडणारा पंखा होता. तो बंद पडून सात वर्षं झाली. माझे मालक देवसिंग ऑइल वेळेवर बदलत, टायर जपत. देवसिंगची जीप वाटेत दगा देत नाही, असं लोक कौतुकानं म्हणत. पंखा मात्र राहून गेला. थंडी दोनच महिन्यांची, असं ते म्हणायचे.

गेल्या पौषात आर्णीच्या बाजाराच्या दिवशी पहाटे माझ्यात नऊ माणसं बसली. भाजी विकणाऱ्या नलूनं मेथीच्या ओल्या जुड्या आत ठेवल्या. पुढं तांड्यावरची भुरीबाई तापानं फणफणलेल्या नातीला मांडीवर घेऊन बसली. पोरीला दवाखान्यात न्यायचं होतं.

"काचा लाव, बेटा. पोरगी कुडकुडून राह्यली," ती म्हणाली.

देवसिंगनी सगळ्या काचा घट्ट लावल्या. दोन मैल गेलो नाही तोच नऊ जणांचे श्वास आणि मेथीची ओल माझ्या थंडगार काचेवर जमू लागली. देवसिंग तळहातानं पुसत. पुसलं की पांढरे फराटे उठत आणि पुन्हा वाफ धरे. थांबावं, तर पोरीच्या कण्हण्यानं त्यांना राहवेना. ते तसेच दामटत राहिले.

वळणावर सूर्य समोर आला. सगळी काच एकदम पांढरी झाली. मला ना रस्ता दिसेना ना कडेची बाभळ.

भुरीबाईनं पदरानं आपल्या पुढची काच पुसली आणि ती किंचाळली, "थांब, बंडी हाय!"

देवसिंगनी करकचून ब्रेक दाबला. चाकं घसरत गेली. मी थांबले तेव्हा माझ्या नाकाला कापसाची गाठोडी टेकली होती. बैलबंडीवरचा म्हातारा धावजी खाली उतरला. बैलांच्या पाठीवरून हात फिरवून तो माझ्याजवळ आला. देवसिंगही खाली उतरले.

"काका, मले काहीच दिसून नाही राह्यलं."

"दिसन कसं? इतक्या जणांचा वाफारा कोंडून ठेवला. काचा काहून नाही उघडल्या?"

"पोरीले ताप हाय."

धावजीनं आत डोकावून पाहिलं. मग अंगावरचं घोंगडं काढून भुरीबाईच्या हातात दिलं.

"हे पोरीले पांघरव. अन् काच दोन बोटं खाली घे."

मेथी टपावर गेली. देवसिंगनी कोरड्या फडक्यानं काच पुसली. दोन्हीकडच्या खिडक्या दोन बोटं उघडताच आतली ओल बाहेर पडली आणि काच पुन्हा झाकोळली नाही. पोरगी वेळेत दवाखान्यात पोचली. चार दिवसांनी माझ्यातूनच हसत घरी आली.

त्याच आठवड्यात देवसिंगनी पंखा दुरुस्त केला. आता थंडीत ते आधी माझ्यातली ओली पायपुसणी वाळवतात, आतून काच पुसतात, पंखा बाहेरची हवा घेतोय ना ते बघतात. काच स्वच्छ होईपर्यंत गाडी हलवत नाहीत. लोक कुरकुरतात.

मी आता थकले आहे, मित्रांनो. अजून किती हिवाळे बघेन, ठाऊक नाही. तुमच्या घरच्या गाडीची काच वाफ धरू लागली, तर मोठ्यांना थांबायला सांगा. उशीर झाला तर होऊ द्या. पुढं रस्त्यावर कुणीतरी चाललेलं असतं, आणि आपण गाडीवाल्याला दिसतोय अशाच भरवशावर ते चाललेलं असतं.