मंडईचा पूरदरवाजा

मित्रांनो, नदीकडच्या बाजूने मंडईत शिरलात तर जरा मान वर करा. कमानीत साखळ्यांना टांगलेला तो लोखंडी म्हातारा म्हणजे मी. मी एक जुना पूरदरवाजा आहे. नदी चढली की मला खाली सोडायचं, एवढंच माझं काम. माझ्या खालच्या कडेला दात आहेत. ते जमिनीतल्या खाचेत नीट बसले की पाणी बाहेरच राहतं.

तरुणपणी मी किती पूर अडवले! पूर ओसरला की भाजीवाल्या माझ्या अंगावरचा चिखल आपल्या हातांनी धूत. पूर नसला तरी दरवर्षी मला एकदा उतरवून बघत. पुढे मंडईचं नाव झालं. लांबलांबून पाहुणे ती बघायला येऊ लागले आणि गर्दीत अडचण नको म्हणून माझं ते उतरवणं बंद पडलं. मग एका पाहुण्या आजींचा पाय खाचेत अडकला आणि पडून त्यांचं मनगट मोडलं. मंडईचे साहेब फार हळहळले. त्यांनी खाच सिमेंटने बुजवून वर सुंदर फरशी बसवली आणि मला हिरवागार रंग दिला. जो तो म्हणे, "काय रुबाब आहे याचा!" मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. पाऊस झाला होता तो वर डोंगरात. पाहुणे माझ्याखाली फोटो काढत होते, तोच रखवालदार धावत आला. "सरका, सरका! नदी चढली, घाटाच्या पायऱ्या बुडाल्या!"

त्याने चाक फिरवलं. साखळ्या करकरल्या आणि मी खाली येऊन फरशीवर आदळलो. दात वरच राहिले. त्यांच्या फटींतून नदी आत घुसली आणि थेट तळघराच्या जिन्याकडे वळली.

तळघरात बर्फखाना आहे. बर्फवाला आतच होता. त्याची बायको, आमची मासळीवाली, माझ्या शेजारीच बसते. सकाळीच दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं आणि तिने अबोला धरला होता. आता ती जिन्याकडे धावली. बर्फखान्याचं दार बाहेर उघडतं, पण बाहेर पाणी साचल्यामुळे ते तसूभर हलेना.

"अहो! ऐकताय ना?"

"ऐकतोय गं! दाराखालून पाणी येतंय. गुडघ्यापर्यंत आलंय!"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "फरशी फोडून खाच मोकळी करावी लागेल. पण त्यासाठी आधी दरवाजा उचलायला हवा."

"उचलला तर आणखी पाणी जाईल की खाली!" रखवालदार म्हणाला.

सगळे मासळीवालीकडे बघू लागले. तिने एकदा जिन्याकडे बघितलं.

"उचला," ती म्हणाली. "पण आता कुणाचा हात थांबला, तर माझ्याशी गाठ आहे."

मी वर गेलो आणि नदी धो धो आत आली. साहेबांनी स्वतः पहार घेतली. पाहुणे मला वर तोलून धरायला माझी साखळी धरून उभे राहिले. घावावर घाव पडत होते. खालून दार वाजत होतं, वाजत होतं आणि मध्येच वाजायचं थांबलं. मासळीवालीने तोंडात पदर कोंबला. मित्रांनो, लोखंडालाही घाम फुटतो, हे मला तेव्हा कळलं.

"सोडा!" साहेब ओरडले. मी कोसळलो. दात खाचेत रुतले आणि पाणी अडलं.

मग बादल्या, टोपल्या, घमेली, ज्याच्या हाती जे लागेल ते घेऊन माणसं जिना उपसू लागली. शेवटी दार उघडलं. बर्फवाला बर्फाच्या लाद्यांवर चढून छताला डोकं टेकून बसला होता.

"हात गोठले गं," तो कुडकुडत म्हणाला. "दार वाजवताच येईना."

तिने त्याला एक चापट मारली आणि त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

पुढच्या आठवड्यात रंगारी डबे घेऊन हजर! माझ्या अंगाचे पोपडे निघाले होते ना. मासळीवाली कोयता हातात घेऊनच उठली.

"रंग राहू दे, दादा. आधी दरवाजा खाली सोडा. मला बघायचंय."

मला उतरवलं. ती गुडघ्यांवर बसली आणि दात खाचेत नीट बसलेत का, ते एकेका दाताभोवती बोट फिरवून बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली. मित्रांनो, जुन्या वस्तूंना नटवा, मिरवा, आमची ना नाही. पण आमच्यावर जीव असेल, तर असं वाकून बघणारं कुणीतरी आम्हाला द्या.