सभेचा हातोडा आणि चार नंबरची विहीर

मी एक लाकडी हातोडा बोलतोय. खिळे ठोकणारा नव्हे. तो माझा कष्टाळू चुलतभाऊ. मी सभेत अध्यक्षांच्या टेबलावर बसून असायचो आणि दिवसातून पाच-सहा वेळा 'ठक' करायचो. एवढ्याशा कामावर मी आयुष्यभर मिरवलो, हे आधीच कबूल करतो.

माझा जन्म पलंगाचे पाय कातणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. पाय चार हवे होते, लाकूड सव्वाचार पायांचं निघालं. उरलेल्या तुकड्यातून त्याने मला काढलं, तेल पाजलं आणि टेबलावर आपटून पाहिलं. आतून त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, दार वाजतंय." कारागीर खूश झाला. मग मला पेटीत घालून एका भल्यामोठ्या सभागृहात पाठवण्यात आलं.

तिथे दरवर्षी जगभरचे देश जमत. पृथ्वी तापवणारे वायू कोणी किती कमी करायचे, यावर त्यांची दोन-दोन आठवडे हुज्जत चाले. एक बाजू म्हणे, धूर आधी तुम्ही केलात, आधी तुम्ही थांबा. दुसरी म्हणे, आता तुमचा जास्त आहे त्याचं काय? दोघांचंही खरं असे, म्हणून तर मिटत नसे. ज्या शब्दांवर एकमत नाही ते कंसात घालायची तिथली पद्धत. एका वर्षी सचिवबाई वैतागून म्हणाल्या होत्या की कंसाबाहेर आता फक्त पानाचा नंबर उरलाय.

त्या सभागृहात हात वर करत नाहीत. प्रत्येकासमोर देशाच्या नावाची आडवी पाटी असते. बोलायचं असेल तर ती उभी करून ठेवायची. मतदानही नसतं. अध्यक्ष परिच्छेद वाचतात, सभागृहावर नजर फिरवतात आणि एकही पाटी उभी नसेल तर "हरकत दिसत नाही" म्हणून मला खाली आणतात. मी वाजलो की संपलं. मग कोणी कितीही डोकं आपटलं तरी तो परिच्छेद उघडत नाही.

माझ्या शेवटच्या अध्यक्षांना सगळे 'मास्तर' म्हणत, कारण ते चष्म्यावरून बघत. माणूस देवमाणूस. कोणाच्या चहात साखर नाही, कोणाची आई आजारी आहे, सगळं त्यांच्या ध्यानात असे. पण धांदरटही तितकेच. एकदा ध्वनिक्षेपक कुरकुरायला लागला म्हणून त्यांनी मलाच त्याच्यावर आपटलं. ठक! निम्म्या सभागृहाला वाटलं, नववा परिच्छेद मंजूर झाला. कोणी टाळ्या पिटल्या, कोणी तावातावाने उठलं. शेवटी मास्तरांनी सर्वांची माफी मागून तो ठोका मागे घेतला आणि 'चुकून वाजला' अशी नोंद झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या सभेत एका सखल किनाऱ्याच्या देशातून एक बाई येत. घरी त्यांचं काम पिण्याच्या विहिरींचं पाणी तपासण्याचं. म्हणून त्या 'विहिरीवाल्या बाई'. मोठाले शब्द त्यांना जमत नसत. दर भाषणात त्या चार नंबरच्या विहिरीत यंदा मीठ किती वाढलं तो आकडा सांगत आणि खाली बसत. समुद्र चढत होता आणि जमिनीखालून विहिरीत शिरत होता, एवढंच त्यांचं म्हणणं. पहिल्या वर्षी लोक गालातल्या गालात हसले. तिसऱ्या वर्षी त्यांचा आकडा येईपर्यंत लोक मोबाइल बाजूला ठेवून बसत.

त्यांना करारात एक ओळ हवी होती: सगळ्यांनी मिळून दहा वर्षांत हे वायू निम्म्यावर आणायचे. तीन वर्षं भांडून त्यांनी ती कंसाबाहेर काढली होती. आणि शेवटच्या दिवशी सकाळी मसुदा छापून आला, तर ओळच गायब. बाजूच्या खोलीत दोन-तीन मोठ्या देशांनी परस्पर ती खोडली होती. बाईंना कोणी बोलावलंच नव्हतं.

चहाच्या यंत्रापाशी त्या मास्तरांजवळ आल्या. मी मास्तरांच्या कोटाच्या खिशात होतो.

"सर, दुपारी माझी पाटी उभी असेल. तुम्हाला दिसेल ना?"

"दिसेल," मास्तर म्हणाले. म्हणाले तेव्हा ते अगदी मनापासून म्हणाले होते.

अर्ध्या तासाने एक जाडजूड प्रतिनिधी मास्तरांच्या कानाशी वाकला. एक शब्द जरी हलला तरी आम्ही उठून जाऊ, करार गेला समजा, असं तो हळू आवाजात सांगून गेला. करारात बाकी चांगलंही पुष्कळ होतं. जंगलं राखायची होती, किनाऱ्यांना भिंती बांधायला मदत मिळायची होती. मास्तरांनी चहा तसाच ठेवला.

दुपारी त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला आणि मला उचललं. मागच्या रांगेत उजवीकडे एक पाटी उभी होती. मास्तरांनी ती पाहिली. मला कळलं, कारण त्यांची मूठ हवेतच थबकली. मग त्यांनी मान खाली घातली आणि कागदाकडे बघत म्हणाले, "हरकत दिसत नाही."

मी वाजलो.

लोक उठून उभे राहिले, एकमेकांना मिठ्या मारू लागले. बाई बसूनच होत्या आणि पाटी उभीच होती. टाळ्या दमल्या तेव्हा मास्तरांनी त्यांना बोलायला सांगितलं.

"अध्यक्षमहोदय, गेल्या आठवड्यात हा हातोडा चुकून वाजला, तेव्हा तुम्ही ठोका मागे घेतलात. आजचा घेता का?"

'गर्दीत पाटी दिसली नाही' एवढं म्हणाले असते तरी निभावलं असतं. कोणी खोटं ठरवलं नसतं. मास्तरांनी चष्मा काढला.

"नाही, मॅडम. आजचा चुकून नव्हता. मला तुमची पाटी दिसली होती."

"मग एवढंच लिहून ठेवा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पाटी आडवी केली. सचिवबाईंनी ते लिहून घेतलं. करार झाला. ओळ आली नाही.

मास्तर त्यानंतर निवृत्त झाले आणि निरोपाची भेट म्हणून मी त्यांच्या घरी आलो. त्यांच्या पत्नीने पहिल्याच दिवशी मला उलटसुलट करून पाहिलं. "अहो, याच्यापेक्षा खलबत्त्यातला बत्ता बरा, निदान लसूण तरी ठेचतो," म्हणाल्या. मी वाईट वाटून घेतलं नाही.

दरवर्षी एक पाकीट येई. आत एकच चिठ्ठी: चार नंबरच्या विहिरीचा आकडा. ना नमस्कार, ना सही. मास्तर ती वाचून माझ्याखाली ठेवत. मग नव्या अध्यक्षांना पत्र लिहायला बसत की ती ओळ करारात पुन्हा घाला. उत्तरं फार नम्र येत.

परवा सहावी चिठ्ठी आली. मास्तरांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पत्नीने वाचून दाखवली. "चार नंबर बंद केली. माणसं आतल्या गावात हलवली. आता आकडा येणार नाही. त्या दिवशी तुम्ही खोटं बोलला नाहीत, म्हणून पाठवत होते."

"पुन्हा वाच गं," मास्तर म्हणाले. तिने पुन्हा वाचली. मग त्यांनी ती माझ्याखाली सरकवली आणि माझ्यावर हात ठेवला. मला त्यांचा राग येतो. आणि त्यांची फार दयाही येते, कारण ती मूठ कशी थबकली होती हे फक्त मलाच माहीत आहे.

मला वर कसं जायचं ते कळतं आणि खाली कसं यायचं तेही; बघायचं काम हात उचलणाऱ्याचं. माझा एखादा भाऊबंद तुमच्या हाती आलाच, तर तो आपटण्याआधी मान वर करा. पाटी उभी दिसली तर थांबा. वाद लांबेल, जेवण गार होईल, कोणी रागावून उठून जाईल. गेलेला माणूस समजूत घातली तर परत येतो. खारट झालेली विहीर पुन्हा गोड होत नाही.