चढला, पण उतरेना

माझ्या भावाने जन्मभर लोकांचे जिने बांधले, पण स्वतःच्या हट्टावरून खाली उतरायला एक पायरी केली नाही.

दादाच्या लेकीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, टपालवाल्याशी जमलं. कमरेपर्यंत माणूस, खाली घोडा. कामाचा चोख, बोलायला गोड. दादाला तो पसंत नव्हता, कारण एकच: पाय चार. पण तसं तोंडावर कसं म्हणणार? मग त्याने निरोप धाडला, "मागणी घालायची तर वर घरात येऊन घाल. रस्त्यावरून हाका मारणाऱ्याला मी मुलगी देत नाही." तिसरा मजला, चोपन्न पायऱ्या. दादा निर्धास्त.

रविवारी सकाळी गडी चढला की! एक कठडा निखळला, शिंपीणबाईंची कुंडी फुटली. तो बैठकीत उभा राहिला तेव्हा शेपूट स्वयंपाकघरात होतं. त्याने अदबीने मागणी घातली. दादाने पाणीही न विचारता सांगितलं, "जमणार नाही."

"बरं, काका."

त्याला वळता यावं म्हणून टेबल आणि मी बाल्कनीत गेलो. जिन्याच्या तोंडाशी तो थबकला.

"आता काय?"

"काका, आम्हाला चढता येतं. उतरता येत नाही. तोल जातो."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही 'ये' म्हणालात. लगेच 'जा' म्हणाल असं वाटलं नव्हतं."

दुपारपर्यंत तो तीन बादल्या पाणी प्यायला. खालून शेजारी ओरडले, "उद्या आमची पत्रं कोण वाटणार?" दादाने कपाळ बडवलं, कानामागची पेन्सिल काढली आणि जिना मापायला घेतला. पायऱ्यांवर फळ्यांचा उतार करायचा, घसरू नये म्हणून वर आडव्या पट्ट्या.

भाची हातोडी घेऊन उभी. "बाबा, फळ्या नुसत्या टेकवायच्या की ठोकायच्या?"

टेकवलेल्या फळ्या संध्याकाळी परत कारखान्यात जातात. ठोकलेल्या राहतात. सुताराच्या लेकीला हे शिकवावं लागत नाही.

दादाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी बाल्कनीतूनच म्हटलं, "मला मध्ये घेऊ नकोस, मी आधीच टेबलाखाली आहे."

"टेकवल्या तर सरकतील," तो खेकसला. "पडला तर नाव माझंच खराब होईल." आणि ठोकत सुटला.

टपालवाला खुरं जपत खाली पोचला. दादाने खिडकीतून डोकं काढलं.

"पुढच्या रविवारी येताना कुंडी घेऊन ये!"