डाव्या मुंढ्याची चुणी

"हात खाली सोडा काकी. एकदम ढीला. अजून."

चारुलतानं डावा हात जमेल तेवढा खाली सोडला. अवंतीनं मान तिरकी करून बघितलं आणि तिचा चेहरा पडला. बाही अंगाला जोडते तिथं, डाव्या मुंढ्याखाली, पांढऱ्या टॉपला पुन्हा चुणी पडली होती.

"गेली नाही ना?" उदाजीराव मास्टर खुर्चीतून न उठताच म्हणाले. "जाणार कशी? डब्यात बाई उभी केली म्हणून कपडा बसतो होय!"

डबा म्हणजे नवा कॉम्प्युटर. देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कपड्यांच्या कारखान्यात तो २००७ साली आला. पडद्यावर एक बाई उभी राहायची, न शिवलेला कपडा तिच्या अंगावर चढायचा आणि जिथं तो ओढला जाईल तिथं लाल रंग दिसायचा. कापडाला कात्री न लावता फिटिंग! तो चालवायला साहेबांनी अवंतीला आणलं होतं. मूळची खातेगावची, इंदूरला फॅशनचा कोर्स केलेली, बोलायला धीट. उदाजीरावांचा जन्म कागदावर पॅटर्न कापण्यात गेलेला. त्यांना डबाही खटकायचा आणि अवंतीही. खटकणार नाही तर काय, आरती ओवाळणार?

दुपारी परदेशी खरेदीदार येणार होते. पडद्यावरची बाई आणि चारुलता, दोघींच्या अंगावर तोच टॉप सारखाच बसलेला त्यांना दाखवायचा होता. नाही बसला तर डबा परत आणि अवंतीही खातेगावला परत, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. पडद्यावर सगळं हिरवं होतं, लाल ठिपका औषधालासुद्धा नव्हता. चुणी पडत होती ती फक्त चारुलताच्या अंगावर.

ती का पडते, हे त्या खोलीत एकट्या चारुलताला माहीत होतं. गणपतीपासून तिच्या डाव्या स्तनात गाठ होती. आता काखेतही सूज आली होती. दंड अंगाला टेकला की कळ यायची, म्हणून हात जरा दूर राहायचा आणि मुंढा ओढला जायचा.

तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती कारखान्यात 'चेकिंगला' आहे, एवढंच घरी ठाऊक होतं. संस्थानच्या काळात कारभारी म्हणून मिरवलेलं घराणं ते. त्या घरची सून परदेशी बायकांचे कपडे अंगावर चढवून उभी राहते आणि एक मास्टर तिला टाचण्या लावतो, हे कळलं असतं तर तिचे सासरे तात्या भरल्या ताटावरून उठले असते. पण तिला हे काम आवडायचं. तिकडच्या मध्यम मापाशी तिचं माप तंतोतंत जुळलं होतं. यात तिचं कर्तृत्व काही नव्हतं, तरी अभिमान होताच. ते माप राखायला तिनं भात सोडला, सणासुदीला पुरणपोळीकडे नुसतं बघितलं.

आणि गाठ म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. माहेरी, मनावर गावात, तिची आई याच दुखण्यानं गेली. शेवटी शेवटी तिला आंघोळ चारुलतानंच घातली होती. नाव घेतलं नाही तोवर ते नाहीच, असं तिनं स्वतःला बजावून ठेवलं होतं. असला वेडेपणा शहाणी माणसंच करतात.

"मास्टरजी, मी सगळं चेक केलं," अवंती रडकुंडीला आली होती. "पॅटर्न सही आहे. सीताताईंची शिलाई सही आहे. काकींचं मापपण मीच घेतलं होतं."

"मग कपडा काय आपल्या मर्जीनं चुरगाळतो? कबूल कर ना, डबा चुकला म्हणून."

दार उघडून साहेबांनी डोकं आत घातलं. "क्या हुआ? वो लोग इंदौर से निकल गए हैं. नहीं हो रहा तो बता दो अवंती, मैं झूठ नहीं बोलूंगा उनके सामने."

दार लागलं. अवंती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग एकदम वळली.

"काकी, माप तर मी उजव्या बाजूचंच घेतलंय! डावी बाजू कॉम्प्युटर आपोआप तशीच बनवतो."

"माप उजव्या अंगानंच घ्यायचं असतं," उदाजीराव म्हणाले. "माझ्या वस्तादानं तेच शिकवलं. डावं काय वेगळं असणार आहे?"

"तरी एक बार बघते." अवंतीनं टेप उचलला. "इथून, काखेतून..."

चारुलता झटकन मागं सरली. "नको."

"दोन मिनिटं लागतील काकी."

"नको म्हटलं ना!"

उदाजीरावांनीसुद्धा मान वर केली. एवढ्या वर्षांत वहिनींनी कधी आवाज चढवला नव्हता. टाचणी टोचली तरी "असू दे मास्टर" म्हणणारी बाई ती.

"बघ," ते अवंतीला म्हणाले, "वहिनीपण कंटाळल्या. पुरे आता."

अवंतीनं टेप गुंडाळून टेबलावर ठेवला. खुर्चीवरची ओढणी घेतली, डोळे पुसले. "ठीक आहे. साहेबांना सांगून येते, गलती माझी आहे. काकींना उगाच परेशान केलं मी."

 चारुलता गप्प बसली तर सगळं आपोआप मिटणार होतं. पोरगी संध्याकाळच्या बसनं गावी गेली असती, उदाजीराव खूश झाले असते, आणि गाठ जागच्या जागी राहिली असती. तिला आईच्या त्या शेवटच्या दिवसांची भीती वाटली. आणि स्वतःची लाज वाटली.

"अवंती, थांब," ती म्हणाली. "टेप राहू दे. हात दे इकडे."

अवंतीचा पंजा धरून तिनं तो टॉपवरूनच आपल्या काखेशी ठेवला, मग खाली स्तनावर. अवंतीची बोटं जागीच ताठ झाली.

"काकी... हे काय आहे?"

"हीच तुझी चुणी."

"डॉक्टरला दाखवलं?"

"नाही."

"घरी?"

चारुलतानं मान हलवली. "साहेबांना सांग, पोरीचं काम बरोबर आहे. कपड्यात खोट नाही. बाई बदला म्हणावं." एवढं बोलेपर्यंत आवाज शाबूत होता. मग तिला रडू फुटलं.

उदाजीराव उठले.  त्यांनी चष्मा काढला, परत लावला.

"आधी तो टॉप काढा वहिनी," शेवटी ते म्हणाले. "बसा जरा."

टॉप डोक्यावरून काढायचा होता. चारुलतानं डावा हात वर नेला. सकाळपासून उभं राहून तो जड झाला होता. खांद्यापर्यंतही जाईना. तिच्या तोंडून "आई गं" निघालं.

"नका! वर नका करू." उदाजीरावांनी टेबलावरची बारीक कात्री उचलली. "अवंती, ओढणी आडवी धर."

"मास्टरजी, दुसरा पीस नाहीये! ते लोक येऊन राहिलेत!"

"धर म्हटलं ना."

ओढणीच्या एका कडेनं हात आत घालून, तोंड भिंतीकडे वळवून, त्यांनी डाव्या बाजूची शिवण खालच्या टोकाशी बोटांनी चाचपली. टाका टाका उसवत ते वर सरकू लागले. कात्रीचं टोक अंगाला लागू नये म्हणून मध्ये त्यांनी आपलं बोट ठेवलं होतं.

दारावर थाप पडली. "मास्टर! गाड़ी गेट पर आ गई. पीस रेडी है?"

"नहीं साहब, वक्त लगेगा." त्यांनी हात थांबवला नाही. "लड़की का काम बराबर है. मैं बोलूंगा उनको."

शिवण मुंढ्यापर्यंत उसवली, मग खांद्याची, मग बाहीची. आतल्या ब्लाऊजवर अवंतीनं ओढणी गुंडाळली.

"हात खालीच असू द्या वहिनी," उदाजीराव भिंतीकडे बघत म्हणाले. टॉपची डावी बाजू सुटून तिच्या कमरेशी लोंबत होती.