बरं म्हणायची चोरी

मल्हारचा फोन दर रविवारी सकाळचा चहा झाल्यावर यायचा. धोंडुबाई तो घेऊन वऱ्हांड्याच्या टोकाला जात आणि कानाला न लावता तोंडासमोर धरून मोठ्याने बोलत. त्यामुळे मायलेकांचं बोलणं वृद्धाश्रमात सगळ्यांना पाठ झालं होतं.

"जेवतेस ना नीट?"

"कसलं जेवाण, बाबा. ढकलायचं आपलं."

"झोप लागते?"

"कुटली झोप!"

"आणि माणसं कशी आहेत तिथली?"

वऱ्हांड्यात बसलेल्या माणसांवरून सावकाश नजर फिरवून धोंडुबाई म्हणत, "मानसं व्हय? एकाचं एकाला नसतंय हितं."

आकारामबापू वर्तमानपत्र खाली घेत. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते आणि त्यांचा आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचत असे. "आवं, काल ढकलता ढकलता माझ्या वाटणीची भाकरी बी ढकललीसा, ती सांगा की!"

शेजारी मदिनाबी नदाफ तोंडाला पदर लावून हसत. त्या धोंडुबाईंच्याच खोलीत राहत आणि कोणाला झोप लागते आणि कोणाला घोरण्यामुळे लागत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

धोंडुबाई खोटं बोलत नव्हत्या. जत तालुक्याच्या माळावर, मेंढरांमागे त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि तिकडे बरं चाललेल्या गोष्टीला कोणी तोंडाने बरं म्हणत नसे. वाटेत कोणी विचारलं, "कशी हायत मेंढरं?" तर मेंढरं कितीही धडधाकट असली तरी "मराया टेकल्यात" असं सांगायचं. चांगलं कोकरू जन्मलं तर त्याला लंगडं म्हणायचं. बरं म्हटलं की दृष्ट लागते, आणि ती दुसऱ्याचीच लागते असं नाही, आपल्या जिभेचीही लागते. धोंडुबाईंचं नावसुद्धा त्याच हिशेबाने ठेवलेलं होतं. त्यांच्या आधीच्या दोघी बहिणी राहिल्या नव्हत्या, म्हणून हिला आईबापांनी धोंडा म्हटलं, आणि ही राहिली.

मल्हार मात्र लहानपणापासून शिकायला सांगलीत, वसतिगृहात. हे त्याच्या कानावर कधी पडलंच नव्हतं.

वडील गेल्यावर त्याने आईला सांगलीत आपल्या फ्लॅटवर आणलं. घर चांगलं, सून सोनिया चांगली, पण सकाळी दोघं कामावर गेली की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खालच्या मोटारी बघण्यापलीकडे दिवसभर काही नसायचं. मग सोनियाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून त्याने आईला कुंडलजवळ, द्राक्षबागांमधल्या या आश्रमात आणून सोडलं. दोन महिने संपल्यावर धोंडुबाईंनी विषय काढला नाही. मल्हारला वाटलं, आई रागावली आहे.

इथे धोंडुबाई रोज संध्याकाळी सगळ्यांना बागेच्या कडेने फिरायला नेत. नेत म्हणजे हाकत. पुढे चालणं त्यांना जमायचंच नाही. हातात काठी घेऊन त्या सगळ्यांच्या मागून चालत आणि कोणी बांधावर टेकलं की जिभेने टक्‌टक्‌ आवाज करत. गुडघ्यांमुळे खुर्ची न सोडणारे आकारामबापूही आता विहिरीपर्यंत जाऊन येत. "चालतोय कुटं मी, वळतीया मला ही बया," असं ते सांगत. मदिनाबींच्या सासरचा धंदा गाद्यांचा. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आश्रमाची फोमची गादी दाबून पाहिली, "ही काय गादी हाय? पाव हाय पाव," म्हणाल्या आणि धोंडुबाईंना कापसाची गादी स्वतः शिवून दिली. तेव्हापासून धोंडुबाई गाढ झोपत.

त्या रविवारी मल्हार फोनवर म्हणाला, "आई, बास झालं आता. दिवसभर तुझ्यासोबत राहील अशी एक बाई बघितली आहे. गुरुवारी गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव."

फोन ठेवून धोंडुबाई येऊन बसल्या.

"जायचंय का तुला?" मदिनाबींनी विचारलं.

"न्हाई."

"मग सांग की त्याला. हितं बरं हाय म्हणून सांग."

"बरं हाय म्हणू? आन् मग तू मेलीस म्हंजे?"

मदिनाबींनी कपाळाला हात लावला.

"आपल्या वयात दृष्ट लागाय किती येळ लागतोय?" धोंडुबाई म्हणाल्या. "तू हायस, बापू हाय. एकाला जरी काय झालं, तर माझ्या तोंडानं झालं म्हणायचं."

आश्रमाची व्यवस्था बघणाऱ्या शिवांजलीने मल्हारला स्वतः फोन केला. आई आनंदात आहेत, चालणं वाढलंय, पायांची सूज उतरली आहे, सगळं सांगितलं. मल्हारने शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, तुमचा आश्रम आहे, तुम्ही असंच म्हणणार. मी आईशी बोलतोय दर आठवड्याला."

गुरुवारी गाडी आली. मल्हार उतरला तोच आकारामबापूंनी त्याला गाठलं. "साहेब, तुमच्या आईसाहेब हितं लय सुखात हायत बघा!"

धोंडुबाई पटकन बाजूला थुंकल्या. "काय सुख न्हाई!"

"बघितलंत?" मल्हार शिवांजलीला म्हणाला.

"आवं, रोज पोटभर जेवत्यात—"

"एक घास उतरत न्हाई!"

"वजन वाढलंय त्यांचं," शिवांजली म्हणाली.

"सूज हाय ती," धोंडुबाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले होते. लोक जितकं चांगलं बोलत, तितकं त्यांना वाईट बोलून ते पुसून टाकावं लागत होतं. मल्हारने ते डोळे पाहिले आणि पिशवी उचलली.

तेव्हा मदिनाबी उठल्या. धोंडुबाईंचा दंड धरून त्यांनी त्यांना स्वयंपाकघरात नेलं, आणि मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घेतल्या.

"जा, बोल त्याला. मी मागंच हुबी हाय. तुझं तोंड मिटलं की उतरून टाकते."

"तुला येतंय?"

"साऱ्या नातवंडांची काढलीया."

"तुमच्यातली आमाला चालती का पन?"

"मिरची काय जात बघून जळती व्हय? चल!"

धोंडुबाई बाहेर आल्या, मल्हारसमोर उभ्या राहिल्या आणि कडू काढा प्यावा तसं एका दमात बोलल्या. "मला हितं बरं हाय. जेवाण चांगलं हाय. झोप लागती. ही मानसं..." त्यांनी मागे वळून मूठ वर आहे याची खात्री केली. "ही मानसं लय चांगली हायत. मला न्हाई यायचं."

शेवटचा शब्द संपायच्या आत मदिनाबींची मूठ फिरू लागली. आधी धोंडुबाईंवरून, मग बापूंवरून, शिवांजलीवरून आणि आला आहेच तर मल्हारवरूनही. मग आत जाऊन त्यांनी सगळं तापलेल्या तव्यावर टाकलं. खकाणा उठला. पूर्ण आश्रम खोकत अंगणात आला.

"ठसका लागला!" बापू डोळे पुसत ओरडले. "म्हंजे दृष्ट न्हवतीच!"

"न्हवती कशी? निगाली म्हना!" मदिनाबी म्हणाल्या. त्यांचा वाद बराच वेळ चालला.

मल्हार पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने धोंडुबाई त्याच्या शेजारी टेकल्या.

"म्हणजे माझ्याकडे तुला बरं नव्हतं," तो म्हणाला.

"तुज्याकडं?" धोंडुबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो खालीवर फिरवत म्हणाल्या, "तुजं घर लय वाईट. तुजी बायको काय कामाची न्हाई. आन् तू तर निस्ता दगड हायस, दगड."

मल्हारने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्याने आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि ते मिटलं. पाठीवरचा हात थांबला नव्हता.

"आई, फोनवर इतके महिने तू..."

"मग काय? त्या यंत्रात वरडून साऱ्या जगाला सांगू, मला बरं हाय म्हणून?"

तो हसू लागला, तसा पुन्हा ठसका लागला. धोंडुबाईंनी त्याच्या पाठीत दोन धपके घातले. "दिवाळीला न्यायला ये," त्या म्हणाल्या. "धा दिस. त्याच्या वर एक न्हाई. हितं संध्याकाळचं ह्येंना कोण वळणार?"

तासाभराने मल्हार रिकामी गाडी घेऊन निघाला. पलूसच्या पुढे सोनियाचा फोन आला.

"निघालात का? आईंची खोली लावून ठेवली आहे मी."

"आई येत नाही. तिला तिथंच राहायचंय."

"का? आवडत नाही ना त्यांना तिथं?"

"अजिबात नाही. सगळं वाईट आहे म्हणते."

सोनियाला काही कळेना. "आणि माझ्याबद्दल काही म्हणाल्या?"

"काही कामाची नाहीस म्हणाली."

"मल्हार, तू हसतोयस?"

"घरी येऊन सांगतो," तो म्हणाला.